मुलीच्या पाठीचा ब्रेस: सांगलीतील केंद्राचा वीस महिन्यांचा अनुभव

सांगलीतील या ऑर्थोटिक, म्हणजे शरीराला आधार देणारी साधने बनवणाऱ्या, केंद्रातून आम्ही माझ्या मुलीसाठी दोन ब्रेस करून घेतले, पहिला डिसेंबर २०२३ मध्ये आणि दुसरा जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात लहानमोठ्या दुरुस्त्यांसाठी अकरा वेळा तेथे जाणे झाले. कण्याच्या बाकासाठीचा (स्कोलिओसिससाठीचा) ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचे प्लास्टिकचे कवच, एकदा विकत घेऊन विसरता येत नाही. तो बनवणाऱ्या माणसाशी दोन-तीन वर्षांचा संबंध जुळतो. म्हणून पहिल्या महिन्यात अनेकांनी विचारूनही मी अभिप्राय लिहिला नव्हता. आता वीस महिन्यांनंतर, तीन एक्स-रे हाती असताना, लिहीत आहे.

आम्ही तासगावजवळ राहतो. यजमानांची द्राक्षबाग आहे आणि मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. जून २०२३ मध्ये शाळेचा नवा गणवेश शिवून आला तेव्हा मुलीच्या कुर्त्याची खालची कड एका बाजूला वर दिसत होती, म्हणून मी तो दोनदा शिवणाऱ्या मावशींकडे परत पाठवला. तिसऱ्या वेळी मावशींनी मुलीला समोर उभे करून माप घेतले आणि मला हळूच बाजूला बोलावून सांगितले, “ताई, कापड सरळच कापलंय. पोरीचा उजवा खांदा वर आहे, तुम्ही डॉक्टरला दाखवा.” त्या मावशींचे उपकार मी विसरणार नाही, कारण आमच्या घरात कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

मिरजेतील अस्थिरोगतज्ज्ञांनी मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून आणि तळवे एकमेकांना लावून कमरेतून पुढे वाकायला सांगितले. वाकताच पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच उठलेली दिसली. ही तपासणी इंग्लंडमधील शल्यविशारद विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाने ओळखली जाते, ती १८६५ पासूनची आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. मी रोज सकाळी तिच्यामागे उभी राहून वेण्या घालत होते, तरी मला तो उंचवटा कधी दिसला नव्हता. या विकारात कणा बाजूला झुकतो, त्याच वेळी मणके स्वतःभोवती थोडे पिळवटतात आणि बरगड्यांनाही सोबत ओढतात. मूल ताठ उभे असताना तो पीळ कपड्याखाली झाकला जातो आणि वाकल्यावर उघड होतो.

उभ्याने काढलेल्या संपूर्ण कण्याच्या एक्स-रेवर कोन २१ अंश भरला. हा कोन मोजण्याची पद्धत अमेरिकी डॉक्टर जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जो मणका सर्वांत अधिक कललेला असेल त्याच्या कडेला समांतर रेषा काढतात, दोन रेषांमधला कोन मोजतात, आणि तो १० अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच स्कोलिओसिस म्हणतात. सवयीने मी घरी फिल्म खिडकीच्या काचेला लावून कोनमापकाने मोजले, तेव्हा मला १९ मिळाले. दोन वेगळ्या माणसांनी मोजल्यास पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो, असे डॉक्टरांनी पुढच्या भेटीत सांगितले. पालकांनी हे आधीच जाणून घ्यावे, कारण नंतर प्रत्येक एक्स-रेच्या वेळी एका-दोन अंशांसाठी जीव टांगणीला लागतो.

चार महिने थांबून पुन्हा एक्स-रे काढायचे ठरले. त्या चार महिन्यांत घरात कारणांचा शोध सुरू झाला. सासूबाईंच्या मते दप्तर कारणीभूत होते, यजमानांच्या मते मोबाइल, आणि शेजारच्यांनी तिच्या एका कुशीवर झोपण्याला दोष दिला. मुलीला दिवसातून दहा वेळा “ताठ बस” असे ऐकावे लागे. याच काळात एका दुकानातून आम्ही पाठ ताठ ठेवणारा तयार पट्टा बाराशे रुपयांना आणला. तो विकणाऱ्याने महिन्याभरात फरक पडेल असे सांगितले होते. खांदे मागे ओढणाऱ्या त्या इलॅस्टिकच्या पट्ट्याचा या बाकाशी काही संबंध नाही, हे आम्हाला नंतर कळले. पैसे गेले त्याचे फार वाटत नाही. आपण नीट बसलो नाही म्हणून हे झाले, असे मुलीला त्या काळात वाटत राहिले, याचे मात्र मला आजही वाईट वाटते.

वस्तुस्थिती अशी आहे की स्कोलिओसिसच्या साधारण ८० टक्के रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही, आणि किशोरवयात दिसणारा बाक बहुधा याच प्रकारचा असतो. त्या वयातील शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांमध्ये तो आढळतो. दप्तराच्या ओझ्याने पाठ दुखते, मूल थकते, आणि त्यासाठी ओझे कमी केलेच पाहिजे, असे मी शिक्षिका म्हणूनही म्हणेन; पण दप्तराने, वाकून बसण्याने किंवा झोपण्याच्या सवयीने हा बाक निर्माण होत नाही. जन्मतः मणक्यांची घडण वेगळी असणे, स्नायूंचे किंवा मज्जासंस्थेचे आजार, मारफान सिंड्रोम (हात-पाय आणि बोटे फार लांब होणारा जन्मजात आजार) किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस (त्वचेवर डाग आणि मज्जातंतूंवर गाठी आणणारा आजार) यांसारख्या कारणांनीही कण्याला बाक येतो, म्हणून डॉक्टर आधी ती कारणे नाहीत ना हे तपासतात. मुलीच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का, हात-पायांची बोटे फार लांब आहेत का, पाय जड पडतात का, रात्री दुखून जाग येते का, असे प्रश्न आम्हाला विचारले गेले. तेव्हा ते विषयाला सोडून वाटले होते, प्रत्यक्षात फार नेमके होते.

कारण सापडत नसले तरी धोका कोणाला अधिक, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. घरात कोणाला बाक असेल तर शक्यता वाढते. आम्ही “कोणालाही नाही” असे सांगून आलो होतो. दिवाळीत कराडहून मुलीच्या आत्या आल्या. त्या नेहमी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतात, त्याचे आम्हाला कधी काही वाटले नव्हते. मुलीची फिल्म पाहून त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “वहिनी, माझीही पाठ अशीच आहे. लग्नाच्या वेळी आईने कोणाला सांगू नको म्हटलं होतं.” वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांचा पहिला एक्स-रे निघाला आणि कोन ३२ अंश आला. सासूबाई त्या दिवशी फार रडल्या. आत्यांनी हे सांगितले नसते, तर आम्ही दप्तरालाच दोष देत बसलो असतो.

ऑक्टोबरमध्ये मुलीचा कोन २७ अंश झाला. मोजण्यातली चूक वजा करूनही सहा अंशांची वाढ खरी मानावी लागत होती, म्हणून डॉक्टरांनी ब्रेस सुचवला. सांगली-मिरजेत उपलब्ध असलेल्या दोन-तीन ठिकाणांपैकी आम्ही हे केंद्र निवडले, कारण येथे प्रत्येक मुलाच्या अंगावरून साचा घेऊन ब्रेस बनवतात. मध्यम, मोठा अशा तयार मापांतला ब्रेस देणारे ठिकाण आम्ही आधी पाहून आलो होतो.

केंद्र मुख्य रस्त्यापासून थोडे आत, पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. बाहेरच्या खोलीत बसायला आठ खुर्च्या, आत मापाची खोली आणि तिच्यामागे कारखाना. कारखान्यातून गरम प्लास्टिकचा आणि ओल्या प्लास्टरचा वास येतो. भिंतीवर जुन्या पोलिओ रुग्णांसाठी केलेले कॅलिपर टांगलेले आहेत. ब्रेस बनवणारे मुख्य तज्ज्ञ, म्हणजे ऑर्थोटिस्ट, या कामात त्या पोलिओच्या काळापासून आहेत. ते कमी बोलतात. पहिल्या भेटीत माप घेण्याआधी त्यांनी अर्धा तास फक्त प्रश्न विचारले, आणि केंद्राविषयी माझे मत चांगले झाले ते तेथून.

त्यांचा पहिला प्रश्न मला उद्देशून होता: पाळी सुरू झाली आहे का? दुसरा, गेल्या वर्षभरात उंची किती वाढली? शाळेच्या आरोग्यपत्रकावर नोंदी होत्या, त्या मी दाखवल्या. तिसरा, आईवडिलांची उंची. मग त्यांनी एक्स-रेवर कमरेच्या हाडाची वरची कड दाखवली. या कडेवर वाढत्या वयात हाडाची नवी पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तयार होत जाते आणि त्यावरून शून्य ते पाच अशी पायरी ठरवतात, तिला रिसर म्हणतात. आमच्या मुलीची पायरी शून्य होती. मुलींची उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती पाळी सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यांत, आणि पाळी आल्यानंतर साधारण दोन वर्षांत वाढ जवळपास थांबते. कणा वाढतो तसा बाकही वाढतो, म्हणून आजचा कोन किती यापेक्षा अजून किती वाढ शिल्लक आहे, याचे महत्त्व अधिक ठरते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोनस्टाइन आणि कार्लसन यांच्या अभ्यासात २० ते २९ अंशांचा बाक आणि रिसर शून्य किंवा एक असलेल्या मुलांपैकी ६८ टक्के मुलांचा बाक वाढला होता. तेवढाच बाक पण रिसर दोन ते चार असलेल्या मुलांत हे प्रमाण २३ टक्के होते. डॉक्टरांनी हे आकडे सांगितले होते, पण त्यांचा अर्थ मला या खोलीत उमगला, जेव्हा ऑर्थोटिस्ट म्हणाले, “ताई, हिची वाढ आता धावायला लागणार. आपल्याला तिच्या बरोबरीने धावायचं आहे.”

मुलगी असणे हाही धोक्याचा भाग आहे. लहान बाक मुलामुलींत जवळपास सारखे आढळतात, पण ३० अंशांपुढे गेलेल्या बाकांत मुली मुलांच्या अनेक पटींनी अधिक असतात. छातीच्या भागातला बाक कमरेच्या बाकापेक्षा वाढण्याची शक्यता अधिक असते, आणि आमचा छातीच्याच भागात, उजवीकडे होता.

माप घेण्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण मुलींना त्याचीच भीती वाटते. अंगावर बनियनसारखी ताणणारी पातळ सुती नळी चढवतात आणि कमरेची हाडे, बरगड्यांची खालची कड, काखेची उंची यांच्या खुणा पक्क्या पेन्सिलने करतात. त्या खुणा ओल्या प्लास्टरवर उमटतात. मुलीला उभे करून, दोन्ही हातांनी वरच्या दांडीला धरायला लावून प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात. प्लास्टर घट्ट होताना गरम लागते, चटका बसत नाही. दहा-पंधरा मिनिटांत पुढून चिरून ते कवचासारखे काढून घेतात. नंतर त्या कवचात प्लास्टर ओतून मुलीच्या धडाची प्रतिकृती बनते, आणि खरे कौशल्य येथून सुरू होते. जेथे दाब हवा तेथे ती प्रतिकृती घासून खोल करायची, जेथे शरीराला सरकायला जागा हवी तेथे भर घालायची, मग भट्टीत मऊ केलेले प्लास्टिकचे पान तिच्यावर ओढून हवा शोषून चिकटवायचे. दाब आणि मोकळी जागा यांची जोडी नीट जमली नाही, तर ब्रेस नुसता आवळतो, कण्याला सरकवत नाही. आमच्या विनंतीवरून त्यांनी यजमानांना कारखान्यात उभे राहू दिले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्याच्या तुंब्यावर कानस चालवणारे हात यजमानांनी लहानपणी पाहिले होते. घरी आल्यावर ते म्हणाले की हे काम तसेच आहे, थोडे घासायचे, हात फिरवून पाहायचे, पुन्हा घासायचे.

आता पहिली तक्रार, आणि ती माझ्या दृष्टीने गंभीर आहे. केंद्रात महिला तंत्रज्ञ आठवड्यातून दोनच दिवस असतात. फोनवर वेळ घेताना हे आम्हाला कोणी सांगितले नाही. बारा वर्षांच्या मुलीला अंगावर फक्त ती पातळ नळी ठेवून पुरुषांसमोर उभे राहावे लागेल, हे तेथे पोहोचल्यावर कळले. मुलीने मान हलवून नकार दिला आणि आम्ही एसटीने परत आलो. मला तिचा नकार योग्यच वाटला. चार दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा महिला तंत्रज्ञ होत्या आणि सर्व काम अत्यंत सभ्यपणे झाले, याची नोंद घेते. पण ज्या केंद्रात येणाऱ्यांपैकी बहुसंख्य वयात येणाऱ्या मुली आहेत, तेथे ही माहिती फोन उचलणाऱ्याने पहिल्याच वाक्यात द्यायला हवी.

दुसरी तक्रार उशिराची. दहा दिवसांत ब्रेस मिळेल असे सांगितले होते, प्रत्यक्षात बावीस दिवस लागले, कारण प्लास्टिकचे पान संपले होते. ते त्यांनी स्वतःहून कळवले नाही. मी तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा समजले. ज्या मुलीची उंची महिन्याला सेंटिमीटरभर वाढते आहे, तिच्यासाठी बारा दिवसांना किंमत असते, आणि त्यांना हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

ब्रेस घालून पाहण्याच्या दिवशी मात्र त्यांनी दोन तास दिले. मुलीला चालवले, जिना चढवला, खुर्चीवर बसवले आणि शेवटी सतरंजी अंथरून मांडी घालून बसायला सांगितले. पुढची कड मांड्यांत रुतत होती. त्यांनी ती कापली, घासली, पुन्हा बसवले, असे तीन वेळा केले. जेवायला आणि अभ्यासाला जमिनीवर बसणाऱ्या मुलीला खुर्चीच्या मापाचा ब्रेस दिला, तर ती तो काढूनच ठेवणार. एवढी साधी गोष्ट आधी पाहिलेल्या ठिकाणी कोणी विचारलीही नव्हती. ब्रेसचे पट्टे पाठीमागे आहेत, त्यामुळे ते दुसऱ्या कोणालातरी आवळावे लागतात. कुठवर आवळायचे त्याची खूण त्यांनी प्रत्येक पट्ट्यावर पेनाने करून दिली. पाळीच्या दिवसांत पोट जड वाटले तर खालचा पट्टा एक खूण सैल ठेवला तरी चालेल, हे महिला तंत्रज्ञांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितले. तीन महिन्यांनी ती वेळ आली तेव्हा मुलीने मला न विचारता ते केले.

त्वचेची काळजी त्यांनी नीट समजावली. आत शिवण नसलेले, चुणी न पडणारे सुती बनियन. ब्रेसखाली तेल किंवा क्रीम नाही, कारण त्याने त्वचा मऊ पडते आणि सोलवटते. ब्रेस काढल्यावर दिसणारा लालसरपणा अर्ध्या तासात गेला तर चिंता नाही, राहिला तर केंद्रात यायचे. आम्ही अकरा वेळा गेलो ते बहुतेक याचसाठी, आणि एकदाही त्यांनी “सवय होईल” म्हणून परत पाठवले नाही. गरम हवेच्या यंत्राने ती जागा मऊ करून, जरा बाहेर ढकलून देतात. पहिल्या सहा महिन्यांत दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, त्यानंतर प्रत्येक वेळी तीनशे रुपये घेतले. पहिल्या ब्रेसचे साडेअठरा हजार झाले, दुसऱ्याचे एकोणीस. पहिल्या वेळी कागदाच्या चिठ्ठीवर फक्त एकूण रक्कम लिहून दिली होती. मागितल्यावर तपशीलवार पावती मिळाली. ती न मागता मिळायला हवी.

सर्वांत कठीण प्रश्न तासांचा. डॉक्टरांनी अठरा तास सांगितले होते. अमेरिका आणि कॅनडा येथील रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाढ संपेपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला तर यश, अशी व्याख्या होती. ब्रेस वापरलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांना ते मिळाले आणि फक्त निरीक्षणाखाली ठेवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. ज्यांनी ब्रेस दिवसाला सरासरी १३ तास किंवा त्याहून अधिक घातला, त्यांच्यात यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. तास मोजण्यासाठी त्या ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारी बारीक चकती बसवलेली होती, कारण मुले सांगतात ते तास आणि घालतात ते तास यांत अंतर असते. या केंद्रात तशी चकती बसवण्याची सोय नाही. ऑर्थोटिस्टनी मुलीलाच सांगितले, “बाळ, चौकटीची वही घे, जेवढे तास घातलास तेवढ्या चौकटी रंगव. कमी झाले तरी खरं लिही, मी रागावणार नाही.” ती वही त्यांनी प्रत्येक भेटीत माझ्या आधी तिच्याकडून मागून घेतली आणि खरोखरच कधी रागावले नाहीत.

वही पाहता आमची सरासरी पंधरा तासांच्या आसपास आहे. एप्रिल-मे महिन्यांत ती अकरावर आली होती. तासगावच्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या कवचात दुपार काढणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. तेव्हा आम्ही दुपारचे तास सोडून संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत घालायचे ठरवले, खोलीत कूलर लावला आणि दिवसातून दोनदा बनियन बदलले. केंद्राने काखेखाली आणि पोटावर हवा जाण्यासाठी छिद्रे पाडून दिली. दाबाच्या जागी मात्र पाडली नाहीत आणि का नाही, तेही समजावले. शाळेत पहिले दोन आठवडे मुली तिच्या पाठीवर टिचक्या मारून आवाज ऐकत असत. मग वर्गशिक्षिकांनी तिलाच फळ्यावर कण्याचे चित्र काढून समजावायला सांगितले. मला हे करायचे धाडस झाले नसते. त्या दिवसापासून टिचक्या थांबल्या आणि तिने ब्रेस लपवण्यासाठी ढगळ कपडे मागणेही थांबवले.

आता निकाल. ब्रेस मिळाल्यावर सहा आठवड्यांनी तो घालून एक्स-रे काढला, तेव्हा कोन २७ वरून १४ अंशांवर आलेला दिसला. ब्रेसमध्ये बाक जवळपास निम्मा होणे हे तो चांगला बसल्याचे लक्षण मानतात आणि हे श्रेय निःसंशय केंद्राचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेस काढून काढलेल्या एक्स-रेत २६ अंश आले आणि जून २०२५ मध्ये २८. या काळात मुलीची उंची १४६ सेंटिमीटरवरून १५७ झाली, पाळी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, रिसर शून्यावरून तीनवर पोहोचले. २७ आणि २८ मधला फरक मोजण्यातल्या चुकीच्या आत बसतो, म्हणजे अकरा सेंटिमीटर वाढ होऊनही बाक जेथे होता तेथेच राहिला. आम्हाला यापेक्षा अधिक नको होते. वाढ संपताना बाक ३० अंशांच्या आत असेल तर पुढे तो सहसा वाढत नाही. ५० अंशांपुढे गेलेला बाक मोठेपणीही हळूहळू वाढत राहतो, म्हणून ४५ ते ५० अंशांच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

म्हणूनच केंद्राच्या बाहेरच्या खोलीत लावलेल्या रंगीत फलकाबद्दल माझी तिसरी आणि शेवटची तक्रार आहे. त्यावर एका मुलीची वाकडी पाठ आणि शेजारी अगदी सरळ पाठ दाखवून “बाक कायमचा सरळ” असे लिहिले आहे. ब्रेसचे काम बाक वाढू न देणे हे आहे. काही मुलांत तो थोडा कमी झालेला राहतो, पण तसे वचन कोणालाही देता येत नाही, आणि आत बसलेले ऑर्थोटिस्ट स्वतः तसे वचन कधी देत नाहीत. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते की, “आहे तेवढा राहिला तर पेढे आणा.” मग त्यांच्याच भिंतीवर हा फलक का? माझ्या ओळखीतील एका कुटुंबाने तो वाचून ब्रेस घेतला आणि सहा महिन्यांत पाठ सरळ झाली नाही म्हणून वापरणे सोडून दिले. मी दोनदा सांगूनही फलक अजून तेथेच आहे. हे वाचून तरी तो काढावा, अशी मी त्यांना मनापासून विनंती करते.

ज्यांच्या मुलाचा कोन २० अंशांच्या आत आहे, त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय येथे येऊन ब्रेस मागू नये. बाक डावीकडे छातीत असेल, वेगाने वाढत असेल किंवा पाठ सतत दुखत असेल, तर ब्रेसच्या आधी डॉक्टरांकडून पुढील तपासणीविषयी सल्ला घ्यावा. बाकी ज्यांना ब्रेस सुचवला आहे, त्यांना मी हे केंद्र सांगेन आणि सांगतही आले आहे. येताना महिला तंत्रज्ञ कोणत्या दिवशी असतात ते फोनवर आधी विचारून घ्यावे, सर्व जुने एक्स-रे तारखेसह आणावेत, गेल्या दोन वर्षांतील उंचीच्या नोंदी असतील तर त्याही आणाव्यात, आणि ब्रेस न्यायला येताना नेहमीपेक्षा एक माप मोठा कुर्ता सोबत ठेवावा, कारण पहिल्या दिवशी जुना कुर्ता ब्रेसवर बसत नाही.

पाळी येऊन दोन वर्षे पूर्ण होऊन रिसर चारवर गेल्यानंतर तास हळूहळू कमी करू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तोवर वही चालू आहे. गेल्या आठवड्यापासून दुसऱ्या ब्रेसची कड उजव्या काखेखाली लागते आहे आणि लालसरपणा तासभर राहतो आहे, म्हणून येत्या शुक्रवारी महिला तंत्रज्ञांची वेळ घेऊन आम्ही पुन्हा सांगलीला जाणार आहोत.